रुग्णालयातले लीन व्यवस्थापन : दोरी कोणी ओढायची?

लीन व्यवस्थापनातला ‘लीन’ म्हणजे नम्र किंवा तल्लीन नव्हे. अंगावर फाजील मांस नसलेला, सडसडीत. टोयोटाच्या मोटार-उत्पादन पद्धतीला हा शब्द 1988 साली जॉन क्रॅफसिक यांनी लावला. पद्धत मात्र त्याहून बरीच जुनी. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी कारखान्यातल्या अपव्ययाचे सात प्रकार मोजले होते : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, मालाची ने-आण, नको त्या प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, कामगाराची वायफळ हालचाल आणि सदोष माल. रुग्णालयासाठी या यादीत फारसा बदल करावा लागत नाही.

वायफळ हालचालच घ्या. परिचारिका ड्रेसिंग बदलायला निघते, तर ट्रेमध्ये गॉज नाही. स्टोअरला कुलूप, किल्ली शेजारच्या वॉर्डात. गॉज घेऊन परत यावे, तर कात्री कोणीतरी उचलून नेलेली. रुग्ण तोवर उघडी जखम घेऊन पडलेला. या हेलपाट्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. दिवसाअखेर ‘स्टाफ कमी पडतो’ एवढेच कानावर येते. लीनचा उपाय साधा आहे. प्रत्येक वस्तूचे दोन डबे ठेवायचे. पुढचा रिकामा झाला की मागचा वापरात आणायचा आणि रिकाम्या डब्यावरचे कार्ड स्टोअरला पाठवायचे. ते कार्ड हीच मागणी. वेगळी चिठ्ठी नाही, सही नाही.

हे विचार रुग्णालयात मुरवणाऱ्यांत अमेरिकेतल्या सिएटलचे व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्र आघाडीवर होते. 2002 साली त्याचे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानला गेले. डॉक्टरांनी मोटारींच्या कारखान्यात जाऊन शिकायचे, ही कल्पना अनेकांना रुचली नव्हती. माणूस म्हणजे मोटार नव्हे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो चुकीचाही नाही. पण जपानहून आणलेली सर्वांत मोलाची गोष्ट मोटारीशी नव्हे, दोरीशी निगडित होती.

टोयोटाच्या जुळणी-पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते. काही बिघडलेले दिसले की कोणताही कामगार ती ओढतो. गटप्रमुख धावत येतो आणि दोष तिथल्या तिथे निघाला नाही, तर पट्टा थांबतो. या कल्पनेचे मूळ हातमागाच्या पुढच्या पिढीत, साकिची टोयोदा यांच्या यंत्रमागात आहे. धागा तुटताच तो माग आपोआप बंद पडे. व्हर्जिनिया मेसनने 2002 मध्येच हे तत्त्व ‘रुग्णसुरक्षा इशारा’ म्हणून आणले. रुग्णाला इजा होऊ शकेल असे काही दिसले, तर कोणत्याही कर्मचाऱ्याने कळवायचे. प्रकरण गंभीर असेल, तर वरिष्ठांनी हातातले काम सोडून यायचे आणि धोका दूर होईपर्यंत ती प्रक्रिया थांबवायची.

कागदावर हे सोपे वाटते. पण रुग्णालयाची उतरंड मोटार कारखान्यापेक्षा कडक असते. सर्जनला थांबवण्याची हिंमत वॉर्डबॉयने कुठून आणायची? शिवाय व्यवस्था असूनही अपघात घडला. नोव्हेंबर 2004 मध्ये व्हर्जिनिया मेसनमध्येच एका महिलेच्या रक्तवाहिनीत तपासणीसाठीच्या द्रव्याऐवजी जंतुनाशक टोचले गेले आणि ती दगावली. दोन्ही द्रव रंगहीन होते आणि एकसारख्या, लेबल नसलेल्या भांड्यांत होते. रुग्णालयाने चूक जाहीरपणे कबूल केली. ‘कोणी टोचले?’ एवढ्यावर चौकशी संपवणे सोयीचे असते. लीनचा प्रश्न मात्र, दोन सारखी भांडी शेजारी आलीच कशी, हा असतो. त्याचे उत्तर माणसाला शिक्षा करून मिळत नाही. लेबल सक्तीचे करावे लागते, जंतुनाशक भांड्यातून हद्दपार करावे लागते.

म्हणूनच इशाऱ्यांची संख्या वाढली की व्यवस्थापनाने घाबरू नये. आधी झाकली जाणारी चूक आता उघड होते आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. इशारा देणाऱ्यालाच झापले, तर मात्र दोरी भिंतीवर शोभेपुरती उरते.

लीनचा गैरवापरही ठरलेला आहे. ‘अपव्यय’ म्हणत माणसे कमी करायची आणि उरलेल्यांना पळवायचे. मग सुधारणा सुचवणारा स्वतःच्याच नोकरीवर कुऱ्हाड मारतो, आणि सूचना बंद होतात. व्हर्जिनिया मेसनने या सुधारणांपायी कोणाला कामावरून काढणार नाही, असे धोरण ठेवले होते. साठ्याचा नियमही जपून लावावा लागतो. गोदामात पडून राहिलेले सुटे भाग आणि अतिदक्षता विभागातली रिकामी खाट हिशेबाच्या वहीत सारखीच दिसतात; रात्री दोन वाजता अपघातातला जखमी आला की त्या खाटेचा उपयोग कळतो.