शृंगारकथा कोणाच्या हातीं द्यावी?



सेवानिवृत्त झाल्यापासून आठवड्यांतून तीन सायंकाळीं मी आमच्या पेठेंतील एका लहानशा वाचनालयांत पुस्तकांच्या देवघेवीचें काम पाहतों. नगर शहराला सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८३८ पासूनची आहे. आमचें वाचनालय त्या मानानें कालचें पोर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें अध्यापनाची पदविका घेतली आणि छत्तीस वर्षें मुलांना मराठी व भूगोल शिकविला. तेव्हां साहित्यशास्त्राचा अधिकारी म्हणून नव्हे, तर नोंदवही सांभाळणारा एक मनुष्य म्हणून मी आज आपल्यापुढें बोलत आहें.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. ओळखीच्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी एकोणीस वर्षांची, महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला. बाई म्हणाल्या, "गुरुजी, हिला कांहीं तरी चांगलं वाचायला द्या. रात्रीं उशिरापर्यंत मोबाइलवर ज्या प्रेमकथा वाचते, त्या मी चुकून पाहिल्या आणि मला घामच फुटला." मुलगी खालीं पाहत उभी होती. आई वर्तमानपत्र चाळूं लागली तशी ती हळूच म्हणाली, "सर, प्रेमाचीच गोष्ट द्या. मात्र ऐन वेळीं दिवा मालवून लेखक पळून जातो, तशी नको."

मला हसूं आलें. परंतु उत्तर सुचेना. न सुचण्यास जुनें कारण आहे, तें सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल.

१९९१ सालीं मी आठवीच्या वर्गावर होतों. नकाशासंग्रहाच्या आड दडवून एक मुलगी भाड्याच्या वाचनालयांतील कादंबरी वाचत होती. मीं ती हिसकावून घेतली, मध्येंच एक पान उघडून त्यांतील एक वाक्य साऱ्या वर्गाला वाचून दाखविलें, मुलें खदखदून हसलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्या वडिलांना बोलावून घेतलें. दिवाळीच्या सुटीनंतर ती मुलगी शाळेंत आली नाहीं. तिची शाळा सुटली ती सुटलीच. कादंबरी माझ्या कपाटांत राहिली. निवृत्तीच्या वेळीं कपाट आवरतांना ती हातीं आली, तेव्हां मीं ती प्रथम वाचली. नायक आणि नायिका दोनशें चाळीस पृष्ठें एकमेकांसाठीं झुरतात आणि शेवटच्या प्रकरणांत एकमेकांचा हात धरतात. याहून अधिक तींत कांहीं नाहीं. मीं एका न वाचलेल्या पुस्तकावर निकाल दिला होता, आणि शिक्षा मात्र वाचणारीला झाली होती.

तेव्हांपासून ह्या विषयाचा मीं थोडा मागोवा घेतला. शृंगारानें समाज बिघडतो कीं काय, हा वाद छापखान्याबरोबर आला अशी माझी समजूत होती. ती खोटी निघाली. आमच्या शेवगांव तालुक्याच्या पलीकडे, गोदावरीच्या दुसऱ्या तीरावर पैठण आहे. तेथील सातवाहन राजा हाल ह्याच्या नांवावर चालत आलेली गाथासप्तशती म्हणजे माहाराष्ट्री प्राकृतांतील सातशें गाथांचा संग्रह. त्यांतील बऱ्याच गाथा स्त्रीच्या तोंडच्या आहेत. शेत, नदीकांठ, वाटसरू, सासूचा पहारा, हें सर्व त्यांत येतें, आणि देहाची ओढही आडपडदा न ठेवतां येते. आपल्या भाषेच्या अगदीं पहिल्या ठेव्यांत ज्याला मान मिळाला, तें पुस्तक आज एखाद्या मुलीच्या दप्तरांत सांपडलें तर आम्ही शिक्षक काय करूं, हें मीं मनाशीं विचारून पाहिलें. उत्तर आपणही सहज ओळखाल.

संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनीं तर शृंगाराला रसांचा राजा मानलें. रति हा त्याचा स्थायीभाव. मिलनाचा तो संभोगशृंगार आणि विरहाचा तो विप्रलंभ. परंतु त्यांनींही डोळे मिटून सर्वांस परवाना दिला नाहीं. कालिदासानें कुमारसंभवाच्या आठव्या सर्गांत शिवपार्वतींच्या क्रीडेचें वर्णन केलें. त्यावर मम्मटानें काव्यप्रकाशांत आक्षेप घेतला कीं, हें आपल्याच मातापित्यांच्या मीलनाचें वर्णन करण्यासारखें अनुचित आहे. हा आक्षेप नीट पाहण्यासारखा आहे. शृंगार लिहूं नये असें मम्मट म्हणत नाहीं. कोणाचा लिहावा आणि तो तेथें शोभतो कीं नाहीं, एवढेंच तो विचारतो. औचित्याची ही कसोटी मला आजही वाचनालयाच्या मेजावर उपयोगी पडते. घाम फुटणें ही कसोटी तितकीशी पडत नाहीं.

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर हा वाद येथें घरचाच आहे. लावण्या रचणारे अनंत फंदी संगमनेरचे. अहिल्याबाई होळकरांनीं त्यांना लावणी सोडण्याचा उपदेश केला आणि मग ते फटके व कीर्तन ह्यांकडे वळले, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यांतील चौंडीच्या. २०२४ पासून जिल्ह्याला नांवही त्यांचेंच आहे. म्हणजे शृंगार लिहिणारा आणि त्याला आवरणारी, दोघेंही ह्याच मातीचीं.

आणि विसाव्या शतकांत मराठी घराघरांत प्रणयकथा ज्यांनीं पोंचविली, ते नारायण सीताराम फडके हेही इकडचेच. त्यांचा जन्म १८९४ सालीं कर्जत येथें झाला. 'जादुगार', 'दौलत', 'अटकेपार' ह्या त्यांच्या कादंबऱ्यांनीं एका पिढीची झोंप उडविली. सुशिक्षित नायक, मोकळेपणानें बोलणारी नायिका, अवचित झालेली भेट, गैरसमज, आणि शेवटीं मीलन. रचना एखाद्या घड्याळासारखी बिनचूक. आमच्या आजोबांच्या घरीं फडक्यांचें पुस्तक उशीखालीं ठेवून वाचीत असत. तें आज वाचून पाहावें; त्यांत दडविण्यासारखें काय होतें असा प्रश्न पडतो. माझ्या मतें लोक बिथरले ते चुंबनाच्या उल्लेखामुळें नव्हे. मुलगी स्वतः पुरुष निवडते, ह्या गोष्टीची त्यांना धास्ती होती. फडके ह्यांनीं कलेसाठीं कला हा पक्ष घेतला आणि खांडेकरांनीं जीवनासाठीं कला हा. तो वाद शाळेच्या निबंधांत इतका घोंटला गेला आहे कीं मी त्यांत शिरत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, ह्याच फडक्यांनीं १९२७ सालीं लैंगिक प्रश्नावर व संततिनियमनावर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला होता आणि त्याला मार्गारेट सँगर ह्या अमेरिकन बाईंची प्रस्तावना होती. गुलाबी कादंबऱ्या लिहिणारा म्हणून ज्यांना हिणविलें, त्यांना विषयाचें शास्त्रीय अंगही ठाऊक होतें.

ह्याच्या उलट बाजूनें पाहिलें तर १९३३ सालीं विभावरी शिरूरकर ह्या नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालें आणि ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्रांत गहजब उडाला. त्या मालतीबाई बेडेकर होत. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीच्या मनांतील प्रेमाची व सहवासाची इच्छा त्यांनीं स्त्रीच्या लेखणीनें लिहिली, हाच अपराध. वर्णन म्हणाल तर अगदीं मोजकें. प्रणयकथेंत कोण बोलतें, ही गोष्ट कोणतें वर्णन येतें ह्याहून अधिक महत्त्वाची आहे, हें मला त्या पुस्तकानें शिकविलें.

आतां कायद्याविषयीं थोडें, कारण वाचनालय चालविणाऱ्यास तें टाळतां येत नाहीं. र. धों. कर्वे ह्यांचें 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ सालीं निघालें. त्यावर १९३१ व १९३४ सालीं अश्लीलतेचे खटले झाले. दुसऱ्या वेळीं डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. १९४८ सालीं मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' ह्या संग्रहावर खटला भरला गेला. ते तर रेडिओचेच अधिकारी होते. पुढें ते निर्दोष सुटले. परंतु आपल्या आजच्या विषयाला सर्वांत जवळचा खटला चंद्रकांत काकोडकर ह्यांचा.

काकोडकर हे प्रवासांत, दुपारच्या वेळीं, सहज वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचे लेखक. समीक्षकांनीं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं आणि वाचकांनीं त्यांचीं पुस्तकें फाटेपर्यंत वाचलीं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत त्यांची 'श्यामा' ही कथा आली. एक कवि आणि त्याच्या आयुष्यांत आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. फिर्याद झाली. खालच्या न्यायालयानें सोडलें, उच्च न्यायालयानें दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. रक्कम क्षुल्लक, परंतु अश्लील लेखक हा शिक्का क्षुल्लक नव्हता. काकोडकर सर्वोच्च न्यायालयांत गेले आणि १९६९ सालीं सुटले. न्यायालयाचें म्हणणें साधारण असें: कथा उच्च दर्जाची नसेल, अभिरुचीही बरी नसेल, तरी तेवढ्यानें ती अश्लील ठरत नाहीं, सुटी वाक्यें न उचलतां सबंध कृति पाहिली पाहिजे, आणि स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख हाच गुन्हा मानला तर धार्मिक पोथ्यांवांचून कांहीं विकतांच येणार नाहीं. ह्याच न्यायालयानें पांच वर्षांपूर्वीं, १९६४ सालीं, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'बद्दल दोषी धरलें होतें. त्या पार्श्वभूमीवर 'श्यामे'ची सुटका विशेष वाटते. गंमत अशी कीं, १९६९ सालींच काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' हा चित्रपट लोकांनीं सहकुटुंब पाहिला.

सबंध कृति पहावी, हें वाचतांना मला माझा आठवीचा वर्ग आठवला. मीं एक वाक्य वाचलें होतें.

आज जुन्या दंडसंहितेच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे. अश्लील पुस्तकांच्या विक्रीचें कलम २९४ आहे. साहित्य, कला, शास्त्र ह्यांच्या हितार्थ असलेल्या पुस्तकांस त्यांत सूट आहे. अश्लील वस्तु लहानांच्या हातीं देण्याचा गुन्हा निराळा. जुन्या कायद्यांत त्यासाठीं वीस वर्षांची मर्यादा होती, नव्यांत ती अठराची झाली. म्हणजे एकोणीस वर्षांची ती मुलगी कायद्याच्या दृष्टीनेंही सज्ञान आहे. तिला काय वाचावें हें सांगण्याचा अधिकार मला नाहीं, फार तर सुचविण्याचा आहे.

सुचवावें कसें, ह्याचा माझा रिवाज सांगतों. मी एक वेगळी वही ठेविली आहे. पुस्तक स्वतः वाचल्यावांचून तींत नोंद करीत नाहीं. शय्येचें वर्णन आहे कीं नाहीं, असल्यास किती, हें मी त्यांत साध्या शब्दांत लिहितों आणि मागणाऱ्यास तसेंच सांगतों. आडून सांगितलें कीं माणूस उगाच लाजतो किंवा उगाच अधिक अपेक्षा धरतो. पण त्याहून दुसरी एक नोंद मला अधिक महत्त्वाची वाटूं लागली आहे. नायिका 'नाहीं' म्हणते तेव्हां लेखक काय करतो? घरांत उघड्यावर ठेवतां येतील अशा कितीतरी सोज्ज्वळ कादंबऱ्यांत नायक तिचें मनगट आवळतो, ती रडते, आणि पुढच्या प्रकरणांत तिला त्याच मनगटाची आठवण गोड वाटते. एकही वस्त्र न काढतां हें पुस्तक मुलाला जें शिकवितें, तें मला शय्यावर्णनापेक्षां घातक दिसतें. आणि उघड वर्णन असूनही जेथें दोन माणसें एकमेकांना विचारीत, चुकत, शिकत जवळ येतात, तें पुस्तक मी निःशंकपणें देतों. नुसतीं अवयवांचीं नांवें आणि माणसें कोणीच नाहींत, असली पिवळीं पुस्तकें मी ठेवीत नाहीं. पापाच्या भीतीनें नव्हे, तीं फार कंटाळवाणीं असतात म्हणून.

वाचक तरुणच असतात असेंही नाहीं. एक सत्तरीचे गृहस्थ प्रणयकथा नेतात आणि तिला वर्तमानपत्राचें वेष्टण घालूनच बाहेर पडतात. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वीं वारली. मी त्यांना वेष्टणाबद्दल कधीं विचारलें नाहीं, दोरा मात्र देतों.

मोबाइलवरच्या कथाही मीं पाहिल्या. प्रतिलिपीसारख्या ठिकाणीं मराठींत भागाभागांनीं त्या येतात आणि प्रत्येक भाग नेमका अडकवून थांबतो. जुन्या मासिकांतील क्रमशः कादंबऱ्यांचीच ही कला. पुष्कळ कथा कच्च्या आहेत, कांहीं मनगट आवळणाऱ्या आहेत. परंतु लिहिणाऱ्यांत स्त्रिया आहेत आणि त्यांच्या कांहीं वाक्यांत मला विभावरीबाईंचा उष्ण निःश्वास ऐकूं आला. म्हणून त्या मुलीचा मोबाइल काढून घ्या, असें मीं तिच्या आईला सांगितलें नाहीं.

मग दिलें काय? विश्राम बेडेकर ह्यांची 'रणांगण' (१९३९) प्रथम हातांत घेतली. युरोपांतून परतणारी बोट, युद्धाची छाया, एक मराठी तरुण आणि एक ज्यू तरुणी. इतकी उत्कट प्रेमकथा मराठींत थोडी. पण ती मुलीनें आधींच वाचलेली निघाली. ना. सं. इनामदार ह्यांच्या 'राऊ'चा चित्रपट तिनें पाहिलेला. सचिन कुंडलकर ह्यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) दाखविली. एकाच भाडेकरूवर बहीण आणि भाऊ दोघांचाही जीव जडतो, ही तिची कथा. समलिंगी प्रेमाचें पुस्तक मेजावर ठेवावयास मला स्वतःला दोन वर्षें लागलीं, हेंही कबूल करतों. ती तिच्या मैत्रिणीनें नेलेली होती, तिच्याकडून घेईन म्हणाली. शेवटीं गौरी देशपांडे ह्यांचें 'एकेक पान गळावया' (१९८०) काढलें. तीन दीर्घकथा, प्रौढ, विचार करणाऱ्या स्त्रियांचें प्रेम, संसार आणि देह. गौरीबाई र. धों. कर्व्यांच्या पुतणी, हें मीं ओघांत सांगितलें. मुलीला कर्वे ठाऊक नव्हते, आईला होते. दिवा मालवला जात नाहीं, पण तो रोखूनही धरलेला नाहीं, असें सांगून मीं पुस्तकाची नोंद केली. आईनें तें हातांत घेऊन मागचा मजकूर वाचला आणि कांहीं न बोलतां पिशवींत टाकलें.

पंधरा दिवसांनीं मुलगी एकटीच आली. पुस्तक बरोबर नव्हतें. म्हणाली, "सर, मुदत वाढवून द्या. आई दुसऱ्यांदा वाचतेय, माझा नंबरच लागला नाहीं." मीं आठ दिवस वाढवून दिले आणि दंडाच्या रकान्यांत रेघ मारली.