नवे संकेतस्थळ आणि जाहिरातीचा पैसा



गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत एका नव्या तऱ्हेची तक्रार येऊ लागली आहे. कारखाना बंद पडतो, कामगाराच्या हाती ग्रॅच्युइटीचे चार पैसे येतात, घरची मंडळी मसाले कुटू लागतात किंवा शिवणकाम काढतात, आणि एखादा तरुण भाचा त्यांना वेबसाइट उघडून देतो. येथवर सारे ठीक. पण महिनाभर तिकडे कुणी फिरकत नाही आणि मग फोनवर संदेश येऊ लागतात : ‘पाचशे रुपयांत दहा हजार भेटी’, ‘एका रात्रीत हजार लाइक’, ‘गुगलवर पहिला क्रमांक’. घामाचा पैसा या वाटेने झिरपू लागतो. तो नेमका कोठे जातो, हे आज आपण पाहू.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. दुकानदाराला हवे असते गिऱ्हाईक आणि त्याच्या गळ्यात पडतो तो आकडा. बांधकामावर राबलेल्यांना बोगस मस्टर म्हणजे काय, हे सांगायला नको. मस्टरवर नावे चाळीस, मजुरी चाळिसांची, पण घमेली उचलायला माणसे पंचवीस. इंटरनेटवरील स्वस्त भेटी बहुधा याच जातीच्या असतात.

हे आकडे तयार कसे होतात? पहिला प्रकार देवाणघेवाणीचा. मी तुमचे संकेतस्थळ काही सेकंद उघडून ठेवायचे, त्याबद्दल दुसऱ्या कुणी माझे उघडायचे. येणारा प्रत्येक जण स्वतःचाच माल खपवायला आलेला असतो. ज्या जत्रेत सगळेच दुकानदार आहेत, तेथे विक्री व्हायची कशी?

दुसरा प्रकार यंत्रांचा. अमेरिकेत ‘मेथबॉट’ या नावाने ओळखले गेलेले प्रकरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. एका टोळीने डॅलस आणि ॲमस्टरडॅम येथे हजारो सर्व्हर भाड्याने घेतले आणि हजारो नामांकित संकेतस्थळांची खोटी रूपे उभी केली. जाहिराती तेथे ‘पाहिल्या’ जात होत्या, पण पाहणारा माणूस नव्हता. आज्ञावली माऊस हलवीत होती, पान खाली सरकवीत होती, चित्रफीत मध्येच थांबवीत होती. अशा रीतीने जाहिरातदारांकडून सत्तर लाख डॉलरांहून अधिक रक्कम उकळली गेली. २०२१ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या न्यायालयाने या टोळीच्या म्होरक्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. जाणकार नोकर बाळगणाऱ्या मोठ्या कंपन्या जेथे फसल्या, तेथे आपल्या मसालेवाल्या वहिनींनी किती सावध असावे, याचा विचार करा.

तिसरा प्रकार लाइकचा. २०१७ च्या जून महिन्यात थायलंडच्या पोलिसांनी कंबोडियाच्या सरहद्दीजवळ एका घरावर छापा घातला. तेथे शेकडो फोन मांडणीवर ओळीने लावलेले होते आणि सोबत तीन लाखांहून अधिक सिम कार्डे सापडली. धंदा एवढाच, की सांगितलेल्या मालाला खोटी पसंती द्यायची. अशी पसंती विकत घेणाऱ्याला ना चौकशी येते, ना दुसरी मागणी.

‘पहिला क्रमांक’ देणाऱ्यांचीही एक युक्ती आहे. एखाद्या पानाकडे बाहेरून किती दुवे येतात, यावरून गुगल त्याची किंमत ठरवू लागले, तेव्हा दुवे विकण्याचाच बाजार भरला. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला आणि असे दुवे घेणारी अनेक संकेतस्थळे यादीत खाली घसरली. पैसे देऊन मागे ढकलून घेण्याचाच हा प्रकार!

मग जाहिरात करूच नये काय? असे मी म्हणत नाही. खऱ्या जाहिरातीचीही परीक्षा घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘ईबे’ या अमेरिकन बाजारपेठेने ती २०१२ साली घेतली. काही ठिकाणी आपल्याच नावावरील शोध-जाहिराती तिने बंद केल्या. तरी जवळजवळ तितकेच लोक खालच्या बिनपैशाच्या दुव्यावरून आले. पुढे इतर शब्दांवरील जाहिराती काही प्रदेशांत थांबविल्या, तेव्हाही विक्रीत फारसा फरक पडला नाही. परिणाम दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. तात्पर्य, जो येणारच होता त्याच्यावर खर्च करू नये; ज्याला वस्तू हवी आहे पण आपले नाव ठाऊक नाही, त्याच्यावर करावा.

नव्या दुकानदाराने शोध-जाहिरात द्यायचीच तर तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, गाव. गुगलच्या मूळ मांडणीत त्या भागात ‘रस असलेले’ लोकही धरले जातात. ते बदलून ‘त्या भागात असलेले’ एवढेच ठेवावे. दुसरी, नको असलेले शब्द. ‘गोडा मसाला कृती’ असे शोधणारी बाई मसाला घरी करणार आहे, विकत घेणार नाही. ‘कृती’, ‘फुकट’, ‘नोकरी’ हे शब्द वगळण्याच्या यादीत घालावेत. तिसरी, हिशेब. समजा, एका क्लिकला आठ रुपये पडले आणि वीस जणांत एकाने पुडा घेतला, तर एका पुड्यामागे खर्च झाला एकशेसाठ रुपये. पुड्यावर नफा तीस असेल आणि तो माणूस पुन्हा येणार नसेल, तर ही जाहिरात त्याच दिवशी बंद करावी. यासाठी वही हवी आणि प्रत्येक मागणीबरोबर एक प्रश्न हवा : ‘आमचे नाव कोठून कळले?’

काही कामांना पैसाही लागत नाही. गुगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद फुकट करता येते. पत्ता, वेळ, भाव आणि खरे छायाचित्र संकेतस्थळावर स्पष्ट असावे. जुन्या गिऱ्हाइकाला त्याच्या संमतीने सणापूर्वी एक निरोप धाडावा; विकत घेतलेल्या यादीतील अनोळखी दहा हजारांना धाडू नये. तीस वर्षे मी कारखान्यांच्या गेटांवर हँडबिले वाटली आहेत. पाळी सुटताना ज्याच्या पगाराचा प्रश्न आहे, त्याच्या हाती दिलेला कागद वाचला जातो. तोच एस. टी. स्टँडवर उधळला, तर त्यात दाणे बांधले जातात.

शेवटी माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. एकटा दुकानदार विकणाऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवतो, कारण ताडून पाहायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. एका पेठेतील पाचसात जणांनी महिन्यातून एकदा आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसावे. कोणाला किती दिले, किती मागण्या आल्या, हे उघडपणे मांडावे. ‘दहा हजार भेटी’ विकणारा माणूस पहिल्याच बैठकीत उघडा पडेल, आणि कुणाची तरी ग्रॅच्युइटी वाचेल.