पाच बोटांवरचा धडा

उज्जैनच्या नानाखेडा भागात राहणाऱ्या आम्हांस ईदचा शिरखुर्मा ठाऊक असतो; त्यामागील धर्माचरण मात्र क्वचितच. कित्येक मुसलमान घरांत मूल 4 वर्षे, 4 महिने, 4 दिवसांचे झाले, की ‘बिस्मिल्ला’ने त्याचा विद्यारंभ करण्याची चाल आहे. पुढे ते इस्लामची पाच कर्तव्ये बोटांवर मोजून चारचौघांत म्हणून दाखवू लागते: कलमा, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि हज. वयात येईपर्यंत रोजा बंधनकारक नसतो. तरी हौसेने धरलेल्या पहिल्या रोज्याचे घरभर कौतुक होते. जकात तर अंकगणितच! ठरावीक मर्यादेइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर शंभरांतील अडीच रुपये गरजूंचे. शेजाऱ्याचा हा धडा आम्हीही समजून घेतला, तर शिरखुर्म्याची गोडी खचित वाढेल.