मुलांचा अंगठा सुजला तर चोळू नका!

काश्मीरात गुलमर्गच्या उतारावर मुले पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. पडताना हातातली काठी सुटली नाही, तर अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि बुडाशी दुखावतो. डॉक्टर याला 'स्कीअर्स थम्ब' म्हणतात. खेळाचे नाव मिळण्यापूर्वी, १९५५ साली, स्कॉटलंडमधील शिकारीचे रान राखणाऱ्या कामगारांत ही इजा नोंदली गेली होती.

आपल्या वस्तीत बर्फ नाही. पण सायकलवरून पडून किंवा चेंडू लागूनही अंगठा असाच उलटतो.

मोठ्या माणसांत सांध्याचा बंध तुटतो. वाढत्या मुलांत पुष्कळदा बंध टिकतो आणि हाडाचा तुकडा निघतो, तोही हाड जिथून वाढते त्या कोवळ्या भागातून. म्हणून 'अंगठा हलतो, म्हणजे मोडला नाही' असे समजू नये. बुडाशी सूज असेल, पेन चिमटीत धरवत नसेल, तर अंगठा ओढू नका, चोळू नका. पुठ्ठ्याचा आधार देऊन सैल बांधा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरा आणि दवाखान्यात एक्स-रे काढून घ्या.

तुकडा जागेवर असेल, तर साधारण चार ते सहा आठवडे प्लॅस्टर पुरते. तो सरकला असेल, तर शस्त्रक्रिया करून बारीक तारेने बसवावा लागतो. उशीर झाल्यास सांधा कायमचा अधू होऊ शकतो.

ऐकीव गोष्ट तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण. लेखणी धरणाऱ्या अंगठ्याबाबतही आम्ही तेच सांगतो.