पडद्यामागचे वाजंत्री

आपल्या पालघर भागात तारप्याचा नाच ठाऊक नाही असा माणूस विरळा. वाजविणाऱ्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. तोंडाने कोणी काही सांगावे लागत नाही. चित्रपटातील पार्श्वसंगीताचे कामही असेच आहे. फरक एवढाच की तारपा वाजविणारा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो आणि पार्श्वसंगीताचा वादक कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. या न दिसण्याचा त्याच्या पोटाशी काय संबंध आहे, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम हे संगीत करते काय, ते पाहू. त्यासाठी अमेरिकेतील 'वेस्टर्न' कथांचे उदाहरण सोयीचे आहे. गुराखी, दरोडेखोर आणि शेरीफ यांच्या या गोष्टी 1950 नंतर तेथील टेलिव्हिजनवर घरोघर दिसू लागल्या. 'गनस्मोक' ही मालिका 1955 पासून 1975 पर्यंत चालली, 'बोनान्झा' 1959 पासून 1973 पर्यंत. चित्रपटगृहात प्रेक्षक अंधारात एका जागी बसलेला असतो. घरात तसे नसते. कोणी स्वयंपाकघरात असतो, कोणी पोरांना दटावीत असतो. म्हणून आरंभीची धून ही हाक असे. ती ऐकली की माणसे हातचे काम टाकून येत. जाहिरात लागण्यापूर्वी वाद्यांचा एक जोरकस ठोका असे. पुढे काय होणार या काळजीने माणसाने खुर्ची सोडू नये, हा त्याचा हेतू. लहान पडद्यावर अफाट माळरान मावत नाही. ते काम व्हायोलिनचे लांब सूर करीत. रात्रीच्या शेकोटीला मात्र एखादा माऊथ ऑर्गन पुरे.

हेच तंत्र आपण 'शोले'त ऐकले आहे. 15 ऑगस्ट 1975 रोजी आलेला हा चित्रपट वेस्टर्नच्याच वळणाचा, आणि त्याचे संगीत राहुलदेव बर्मन यांचे. जय रात्री पायरीवर बसून माऊथ ऑर्गन वाजवितो, समोर राधा एकेक दिवा मालवीत जाते. दोघे एक शब्द बोलत नाहीत, तरी आपणांस सर्व कळते. उलट ठाकुराच्या घरातील हत्याकांडात झोपाळ्याची करकर अंगावर काटा आणते. केव्हा वाजवावे याइतकेच केव्हा थांबावे, हेही या कलेत कळावे लागते. तो माऊथ ऑर्गन भानू गुप्ता यांनी वाजविला होता. धून लाखोंना पाठ आहे. नाव किती जणांस ठाऊक आहे?

आता मजुरीकडे वळू. अमेरिकेतील मालिकांना दर आठवड्यास नवे संगीत परवडत नसे. म्हणून पाठलाग, धोका, विरह अशा प्रसंगांचे तुकडे एकदाच मुद्रित करून ठेवीत आणि हवे तेथे जोडीत. वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी त्यावर अट घातली की, टेलिव्हिजनपटांच्या उत्पन्नातील 5 टक्के एका विश्वस्त निधीला द्यावे. त्यातून वादकांना काम आणि लोकांना फुकट जलसे मिळत. हेतू चांगला होता. पण अनेक निर्मात्यांनी परदेशात मुद्रित केलेले तुकडे वापरून ती अट चुकविली. इकडे ज्यांनी प्रत्यक्ष वाजविले, ते हॉलिवुडचे वादकही रागावले. पुनर्वापराचा पैसा आपल्या हाती न येता निधीत का जावा, असा त्यांचा सवाल होता. 1958 साली संप झाला, फूट पडली, वेगळी संघटना निघाली. 1961 साली दोन्ही पुन्हा एक झाल्या. सर्वांसाठी निधी असावा, परंतु घाम गाळणाऱ्याचा वाटा आणि त्याचे मत डावलू नये, हा त्यातील धडा प्रत्येक संघटनेने घ्यावा.

मुंबईतही हे काम मोठ्या संख्येने कामगारांनीच केले. पडद्यावरील हालचालीशी सेकंदासेकंदाचा मेळ घालावयाचा, तर कितीतरी वादकांनी लिहिलेल्या स्वरलिपीवरून एकदम वाजविले पाहिजे. गोव्यात चर्चच्या शाळांतून ही लिपी शिकवीत. त्यामुळे गोव्याचे वादक येथे अत्यावश्यक ठरले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील मोठी नावे. बाकीच्यांनी पाळीप्रमाणे पैसे घेतले आणि ते घरी गेले. तेच सूर पुढे कितीही वेळा वाजोत!

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि व्यापारी वापराबद्दल कलावंतास स्वामित्वधन मिळण्याचा हक्क मान्य झाला. पण त्याच दुरुस्तीत एक खोच आहे. चित्रपटात ज्याचे काम आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच येत नाही, तो या हक्काच्या कामी 'कलावंत' धरला जात नाही. म्हणजे ज्याने नाव गाळले, त्याच्याच हाती दुसऱ्याचा हक्क गेला!

यास्तव श्रेयनामावलीतील नाव हा केवळ मानाचा प्रश्न नाही, तो हजेरीपटाचा प्रश्न आहे. गिरणीत ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याला पगार नाही, तसेच हे. वादकांच्या संघटनांनी मजुरीच्या दराबरोबर नावाची अटही करारात घालून घ्यावी. आणि आपण प्रेक्षकांनी चित्रपट संपताच उठून न जाता, सरकणारी नावे शेवटपर्यंत वाचावीत. कोण राहून गेला, हे विचारणारे लोक असतील, तरच गाळणाऱ्याला संकोच वाटेल.