संगणकाची दिव्यदृष्टी

कर्करोगावरील उपचारांसाठी परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्या काळी क्ष-किरणांचे चित्र फिल्मवर घेऊन अंधाऱ्या खोलीत धूत असत. त्यात पुढचेमागचे अवयव एकमेकांवर पडत. लहानशी गाठ त्यांत झाकून जाई. १९७१ साली इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथम एका रुग्णाची तपासणी झाली. हे यंत्र अनेक दिशांनी किरण सोडते आणि शरीरातून जाताना ते किती क्षीण झाले, हे मोजते. त्या आकड्यांवरून संगणक काकडीच्या चकत्यांप्रमाणे शरीराचा एकेक काप दाखवितो. त्यामुळे गाठ कोठे व केवढी आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच कळते. आज दूरच्या गावांहून परळला येणाऱ्या रुग्णांना या चित्रांचा मोठा आधार आहे. चित्र यंत्र काढते. उपचार ठरविण्याची जबाबदारी मात्र डॉक्टरांचीच असते.