अंगणातील पाऊस अंगणातच मुरवा

पावसाळ्यात जोराची सर आली की पणजीच्या १८ जून मार्गावर व मळा भागात पाणी साचते. दोष बहुधा तुंबलेल्या गटारांना दिला जातो. गटारे साफ असावीत, हे खरेच. परंतु इतके पाणी तेथे येते कोठून, याचा विचार क्वचितच होतो.

ज्या प्रदेशातील पाणी उताराने एकाच नाल्यास वा खाडीस मिळते, त्यास पाणलोट क्षेत्र म्हणतात. पणजीत आल्तिनो टेकडीच्या पूर्व उतारावरील पाणी मळा व फोंतेन्हासकडून ओरेंच्या खाडीत, तर पश्चिमेकडील पाणी सांतिनेजच्या नाल्यात उतरते. दोन्ही अखेर मांडवीस मिळतात. भरतीच्या वेळी नदीची पातळी चढते आणि नाल्याचे पाणी तुंबते. त्याच वेळी मुसळधार पाऊस झाल्यास सखल भागातील घरांत पाणी शिरते. भरती आपल्या हाती नाही. वरून येणाऱ्या पाण्याचा वेग मात्र आपण कमी करू शकतो.

१ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १ लिटर पाणी झाले. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास ५,००० लिटर पाणी जमते. पूर्वी पागोळ्यांचे पाणी मातीच्या अंगणात व माडांच्या आळ्यांत मुरत असे. आता अंगणास सिमेंटचा थर दिला जातो आणि पन्हळीचे नळ थेट रस्त्यावर सोडले जातात.

यावर उपाय साधे आहेत. पन्हळीचे पाणी प्रथम टाकीत घ्यावे व जादा पाणी शोषखड्ड्यात सोडावे. २ मीटर लांब, १ मीटर रुंद व दीड मीटर खोल खड्डा दगडगोट्यांनी भरल्यास दगडांमधील पोकळीत सुमारे १,२०० लिटर पाणी मावते. शिवाय ते सतत मुरत राहते. गाळ अडविण्यासाठी तोंडाशी जाळी बसवून ती पावसाळ्यापूर्वी साफ करावी. अंगणात सलग काँक्रीटऐवजी फटी ठेवून चिरे बसवावेत आणि कडेला झाडांसाठी मोकळी, किंचित खोलगट माती राखावी.

मात्र शोषखड्डा सर्वत्र योग्य नव्हे. घराचा पाया, विहीर व शौचकूप यांपासून तो दूर असावा. तीव्र उतारावर किंवा कापलेल्या दरडीच्या माथ्यावर पाणी मुरविल्यास दरड कोसळण्याचा धोका असतो. तेथे पक्क्या मोरीनेच पाणी खाली न्यावे. खाजनालगतच्या सखल जागेत भूजल वरच असल्याने खड्डा लगेच भरतो. तेथे टाकी व मोकळी जमीन हेच उपाय होत. भराव घालून आपले अंगण उंच केल्यास पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या दारी जाते.

एका घराने अडविलेले पाणी थोडे वाटेल. पण उतारावरील प्रत्येक घराने तसे केल्यास खालच्या वस्तीस भरती ओसरेपर्यंत उसंत मिळेल. यंदा पहिल्या पावसात प्रत्येक गृहस्थाने अंगणात उभे राहून आपल्या छपराचे पाणी कोणाच्या दारी जाते, एवढे तरी पाहावे.